विश्लेषण : बोन्साय व्हिडीओतून शिकता येते, पण वऱ्हाडच्या उन्हात टिकते का?

मोबाइलच्या पडद्यावर इंग्लंडमधला एक माळी करवतीने जाड खोड कापतो, फांद्यांना तार गुंडाळतो, उथळ भांड्यात माती भरतो आणि दहा-पंधरा मिनिटांत नर्सरीतल्या ओबडधोबड रोपाचे देखणे बोन्साय होते. तोच व्हिडीओ अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या गच्चीवर पाहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी कात्री खरेदी होते. पावसाळ्यात रोप तरारते, दिवाळीत त्याचे फोटो काढले जातात आणि मे महिन्यात भांड्यात वाळकी काडी उरते. दरवर्षी अनेक गच्च्यांवर घडणाऱ्या या प्रकारात चूक कोणाची? व्हिडीओची, हवामानाची की शिकणाऱ्याच्या घाईची?

बोन्साय म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ भांडे किंवा तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड. भांड्यात लावलेले झाड, एवढाच शब्दाचा अर्थ. कलेचे मूळ चीनमधील ‘पेंजिंग’ परंपरेत आहे. जपानने तिला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. मराठीत तिला ‘वामनवृक्ष कला’ असेही म्हणतात. बोन्सायची म्हणून वेगळी जात नसते. वडाचे बोन्साय हा वडच असतो आणि ते जमिनीत लावले तर मोठा वड होऊ शकतो. त्यामुळे ऑनलाइन बाजारात ‘बोन्सायचे बियाणे’ म्हणून जी पाकिटे विकली जातात, त्यांत साधे झाडांचे बियाणे असते.

झाड लहान राहते ते तीन गोष्टींमुळे : शेंड्याची नियमित छाटणी, मुळांची ठरावीक काळाने छाटणी आणि मर्यादित माती. शेंड्याकडे तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की तो दाब सुटतो आणि बाजूच्या फांद्या फुटतात. कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. झाडाला उपाशी ठेवून खुजे केले जाते, हा मात्र गैरसमज आहे. चांगल्या बोन्सायला खत, पाणी आणि ऊन तिन्ही भरपूर लागते.

व्हिडीओंमुळे नेमके काय बदलले?

जपानमध्ये ही विद्या गुरूच्या अंगणात राहून शिकण्याची आहे. पाच-सहा वर्षांची उमेदवारी, त्यातही सुरुवातीचा बराच काळ झाडू मारणे आणि पाणी घालणे. ‘पाणी घालायला शिकायचे तर तीन वर्षे’ अशी तिथल्या माळ्यांमध्ये म्हणच आहे. टोकियोजवळच्या ओमिया बोन्साय गावाची वस्ती १९२३च्या भूकंपानंतर तिथे स्थलांतरित झालेल्या माळ्यांनी वसवली. तिथे किंवा ओसाकात जाऊन शिकणे वऱ्हाडातल्या हौशी माणसाला कधीच शक्य नव्हते. आपल्याकडे ही कला बराच काळ मुंबई-पुण्याच्या मंडळांपुरती राहिली. पुण्यात फेब्रुवारी २०१८मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने भरलेल्या प्रदर्शनात ३,३३३ बोन्साय मांडली गेली आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्या प्रदर्शनाने राज्यभर कुतूहल निर्माण केले, पण पुणे अमरावतीहून रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर आहे.

ही दरी व्हिडीओंनी बुजवली. इंग्लंडच्या सरे परगण्यातील ‘हेरॉन्स बोन्साय’ नर्सरीचे पीटर चॅन, जपानमध्ये मासाहिको किमुरा यांच्याकडे सहा वर्षे उमेदवारी करून अमेरिकेत ‘बोन्साय मिराई’ सुरू करणारे रायन नील, ओसाकात शिकलेले ब्योर्न ब्योर्होम, कॅनडात घरातल्या दिव्यांखाली उष्ण कटिबंधातील झाडे वाढवणारे ‘बोन्साय झोन’चे नायजेल साँडर्स, ही मंडळी आज कोणालाही फुकट पाहता येतात. भारतातील हिंदी आणि मराठी चॅनेलही वाढली आहेत. ज्या गावात बोन्सायची एक कार्यशाळाही कधी झाली नाही, तिथला विद्यार्थी, निवृत्त शिक्षक किंवा गृहिणी जगातल्या उत्तम माळ्याचा हात जवळून पाहू शकते. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहू शकते. ही सोय गुरूच्या अंगणातही नव्हती.

मग झाडे का मरतात?

व्हिडीओ हात दाखवतो, पण ज्या हवेत ते झाड उभे आहे ती हवा दाखवत नाही. लंडन साडेएकावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे, टोकियो साधारण साडेपस्तीसवर. अमरावती आणि अकोला एकविसाच्या जरा खाली. ‘हिवाळा सरताना, कळ्या फुगू लागल्या की कुंडी बदला’ हा तिथला सल्ला तिथे अगदी बरोबर आहे, कारण त्यानंतर झाडाला तीन-चार महिने सौम्य हवा मिळते. आपल्याकडे त्यानंतर येतो एप्रिल. मुळे कापलेल्या झाडाला पाणी ओढायला नवे केसमूळ फुटण्याआधीच पारा ४२-४३ अंशांवर जातो. मे २०२४मध्ये अकोल्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले, तेव्हा जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करून कामगार आणि शिकवणी वर्गांच्या वेळांवर निर्बंध घालावे लागले होते. माणसांसाठी जमावबंदीचे कलम वापरावे लागते अशा उन्हात चार बोटे खोलीच्या भांड्यातल्या झाडाची काय कथा!

प्रस्तुत प्रतिनिधीनेही हा धडा स्वखर्चाने घेतला आहे. एका परदेशी व्हिडीओतला ‘मार्च हाच योग्य महिना’ हा सल्ला प्रमाण मानून नर्सरीतून आणलेल्या वडाची निम्मी मुळे मार्चअखेरीस कापली. तंत्र हुबेहूब तसेच होते. झाड महिनाभरही टिकले नाही. चुकला होता तो फक्त महिना.

दुसरे कारण झाडाच्या निवडीत आहे. पडद्यावर दिसणारे पाइन, मेपल, ज्युनिपर हे बहुतांश थंड प्रदेशातील वृक्ष आहेत. मेपलसारख्या झाडांना हिवाळ्यात थंडीची झोप लागते. ती मिळाली नाही तर ती हळूहळू खचतात. वऱ्हाडातली डिसेंबरची थंडी त्यासाठी पुरत नाही. तरीही ऑनलाइन मागवलेली महागडी ज्युनिपर अकोल्याच्या गच्चीवर येतात. ज्युनिपरची आणखी एक खोड आहे : ते मेल्यावरही काही आठवडे हिरवे दिसते. त्यामुळे मालकाला चूक नेमकी कधी झाली हेच कळत नाही.

काळी माती सोन्यासारखी, मग कुंडीत का नको?

वऱ्हाडची काळी माती कपाशीसाठी वरदान आहे. उथळ भांड्यात तीच माती घातक ठरते. तिच्यातील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. शेतात भेगा पडतात तशा त्या भांड्यातही पडतात आणि बारीक मुळे तुटतात. ओली असताना तिच्यात हवा खेळत नाही, वाळली की पाणी कडेने निघून जाते आणि गड्डा आत कोरडाच राहतो.

भांडे उथळ असले की आणखी एक अडचण येते. पाणी घातल्यावर कोणत्याही कुंडीच्या तळाशी काही उंचीपर्यंत ओलाव्याचा गच्च थर राहतो. त्या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. एक फूट खोल कुंडीत तो तळाचा छोटा भाग असतो. दोन इंचांच्या ट्रेमध्ये तोच थर जवळपास सगळी जागा व्यापतो. खात्री करायची असेल तर आयताकृती स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. पाणी ठिबकायचे थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी पडू लागते. आडवा स्पंज म्हणजे बोन्सायचे भांडे, उभा म्हणजे खोल कुंडी. म्हणून बोन्सायची माती भरड हवी, म्हणजे हा थर पातळ होतो.

जपानी माळी त्यासाठी ‘अकादामा’ ही भाजल्यासारखी दाणेदार माती वापरतात. ती मागवण्याची गरज नाही. चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे, धुतलेली जाड रेती किंवा चाळून धुतलेला मुरूम आणि थोडे गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत, हे सारे इथेच मिळते. दोन ते सहा मिलिमीटरचे कण ठेवायचे आणि भुकटी चाळून टाकून द्यायची. चाळणी हे बोन्सायचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित अवजार आहे. मात्र वऱ्हाडच्या उन्हाळ्यासाठी युरोपातल्याइतके भरड मिश्रण चालत नाही. ते दुपारपर्यंत कोरडे पडते. त्यामुळे ओल धरणारा भाग, म्हणजे कोकोपीट किंवा खत, किंचित वाढवावा लागतो. प्रमाण व्हिडीओवरून ठरवता येत नाही. आपल्या गच्चीवर, आपल्या दिनक्रमात पाणी किती वेळा घालता येते यावर ते ठरते.

खारपाणपट्ट्यात कोणते पाणी घालावे?

हा प्रश्न कोणत्याही परदेशी चॅनेलवर सापडणार नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल क्षारयुक्त आहे. शेतात पावसाने काही क्षार खाली वाहून जातात. कुंडीत मात्र रोज थोडे क्षार येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. भांड्याच्या कडेला पांढरी पुटे दिसू लागली, पानांची टोके जळू लागली की समजावे. पुष्कळ जण यालाच खताची कमतरता समजतात, आणखी खत घालतात आणि क्षारांत भर घालतात.

उपाय साधे आहेत. पावसाचे पाणी साठवून ते बोन्सायसाठी राखून ठेवावे. एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते चालते. नळाचे गोडे पाणी आले की पंधरवड्यातून एकदा भांड्याच्या छिद्रांतून भरपूर वाहून जाईल इतके घालावे, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात. कुलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र घालू नये. दिवसभर बाष्पीभवन होऊन त्यात क्षार दाटलेले असतात आणि ‘पाणी वाया कशाला घालवायचे’ म्हणून नेमके तेच झाडांना घातले जाते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणीही हात लावून पाहावे. हाताला चटका देणारे पाणी मुळांनाही सोसत नाही.

वऱ्हाडात कोणती झाडे टिकतात?

सुरुवात वड, नांद्रुक आणि उंबर या एकाच कुळातील झाडांपासून करावी. मुळे कापलेली सोसतात, जुन्या खोडावर नवे डोळे फोडतात आणि चुका माफ करतात. वडाच्या पारंब्या हे तर उष्ण प्रदेशातल्या बोन्सायचे खास वैभव; जपानी पाइनला ते मिळणार नाही. पिंपळाची पाने मोठी आणि पेरे लांब असल्याने तो नवशिक्याला दमवतो. चिंच उत्तम : पान बारीक, खोड लवकर जुनाट दिसते. बोगनवेल, अडेनियम, जेड, कामिनी ही घराघरांत असलेली झाडेही चांगली. बोर आणि बाभूळ काटेरी असली तरी कोरड्या हवेत खंबीर.

संत्र्याचा मोह वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात होणारच. पण एक लक्षात ठेवावे : भांड्यात पाने लहान होतात, फुले आणि फळे होत नाहीत. वीतभर झाडाला नेहमीच्या आकाराचे संत्रे लागले तर झाड वाकते आणि प्रमाणही बिघडते. लहान फळांच्या लिंबूवर्गीय जाती निवडाव्यात. कामिनीही त्याच कुळातील आहे.

बाजारात फुगलेल्या मुळांचे ‘जिनसेंग फायकस’ बोन्साय म्हणून मिळते. अनेकदा त्यात एका जातीच्या फुगीर मुळावर दुसऱ्या पानांची कलमे केलेली असतात. घरात ठेवायला ते वाईट नाही. मात्र ‘पंधरा वर्षांचे बोन्साय’ म्हणून कोणी किंमत सांगितली तर खोड आणि फांदीचा जोड नीट पाहावा.

तार गुंडाळावी की कात्रीवरच भागवावे?

व्हिडीओत तार सर्वांत आकर्षक दिसते, कारण तिचा परिणाम लगेच दिसतो. नियम सोपा आहे : तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वळसे ४५ अंशांच्या तिरक्या कोनात, सैलही नको आणि आवळही नको. पण थंड देशातील पाइनवर तार वर्ष-वर्ष राहते. इथे श्रावणात वड-उंबराची फांदी काही आठवड्यांत इतकी जाड होते की तार सालीत रुतते आणि ते व्रण वर्षानुवर्षे जात नाहीत. पावसाळ्यात तार लावली असेल तर दर आठवड्याला पाहावे आणि काढताना ती उलगडू नये, कापावी.

आपल्या झाडांना त्याहून मानवणारी पद्धत दक्षिण चीनमधील लिंगनान परंपरेची आहे. तिला ‘छाटा आणि वाढवा’ म्हणता येईल. फांदी मोकळी वाढू द्यायची, हवी तेवढी जाड झाली की हव्या त्या दिशेच्या डोळ्यावर कापायची, नव्या फांदीला पुन्हा वाढू द्यायचे. प्रत्येक कापासरशी फांदी वळते आणि निमुळती होत जाते. तारेची गरज कमी, धीराची जास्त. लिंगनान प्रदेशही उष्ण आणि दमट आहे, त्यामुळे तिथले तंत्र आपल्या पावसाळ्याला जुळते. जपानी पाइनचे शंभर व्हिडीओ पाहण्यापेक्षा या पद्धतीचे चार पाहिलेले बरे.

वर्षाचे वेळापत्रक कसे असावे?

आपले बोन्सायचे नववर्ष मृग नक्षत्रात सुरू होते. दोन-तीन चांगल्या सरी पडून हवा निवली की वड, उंबर, चिंच यांची कुंडी बदलावी. नवशिक्याने एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त मुळे कापू नयेत आणि त्याच दिवशी वरचा भागही थोडा हलका करावा. पंधरा दिवस सावलीत, मग हळूहळू उन्हात. जुलै ते सप्टेंबर हा वाढीचा, छाटणीचा आणि खताचा काळ. मात्र सलग झडीत भांडी थोडी कलती ठेवावीत.

ऑक्टोबरच्या उन्हात पाण्याकडे लक्ष. नोव्हेंबर ते जानेवारीत वाढ मंदावते, पाणी कमी करावे. अडेनियमला तर जवळजवळ कोरडेच ठेवावे. त्याची कुंडी थंडी सरताना बदलायची आणि कापलेली मुळे काही दिवस सुकू द्यायची. बोगनवेलीला भरघोस फुले हवी असतील तर पाण्याचा ताण द्यावा. मृग आणि आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देणाऱ्या शेतकऱ्याला हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मार्चपासून पुढे एकच ध्येय : झाड जगवणे. छाटणी नाही, मुळांना हात नाही, जोरदार खत नाही. पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी, भांडी गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा ओल्या रेतीच्या ट्रेमध्ये, जागा पूर्वेकडची, म्हणजे दुपारनंतरचे ऊन लागणार नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी. गावाला जायचे असेल तर शेजाऱ्याला फक्त ‘पाणी घाला’ म्हणू नये, एकदा घालून दाखवावे.

चांगला व्हिडीओ ओळखायचा कसा?

पहिली कसोटी : बोलणारा कुठे राहतो आणि कोणत्या महिन्यात काम करतो आहे, हे तो सांगतो का? दुसरी : तेच झाड तो वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा दाखवतो का? कापलेले झाड त्या दिवशी छानच दिसते. ते जगले का, हा खरा प्रश्न. तिसरी : मेलेली झाडे दाखवतो का? चौथी : झाडाची जात नेमकी सांगतो का? ‘फायकस’ एवढे पुरेसे नाही. केळीचे साल, अंड्याचे कवच किंवा कोरफड लावून ‘सात दिवसांत बोन्साय’ सांगणारे तीस सेकंदांचे तुकडे या चारही कसोट्यांवर नापास होतात.

आणखी एक मर्यादा उत्तम व्हिडीओलाही असते. त्याला तुमचे झाड दिसत नाही. पान पिवळे पडले तर पाणी जास्त झाले की कमी, हे पडद्यापलीकडच्या माणसाला कळणार नाही. भांडे उचलून त्याच्या वजनावरून ओल ओळखणे, मातीत काडी खुपसून पाहणे हे हातानेच शिकावे लागते. म्हणून व्हिडीओ पाहताना वही ठेवावी : कोणत्या तारखेला काय कापले, तापमान किती होते, डोळे कधी फुटले. तीन वर्षांत ती वहीच सर्वांत विश्वासार्ह मार्गदर्शक होते.

‘बोन्सायसाठी सरकारी अनुदान’ खरे आहे का?

‘घरबसल्या बोन्साय करा, लाखो कमवा, सरकार प्रति रोप १२० रुपये देते’ असा मजकूर अनेक व्हिडीओंत आणि संदेशांत फिरतो. हा आकडा राष्ट्रीय बांबू अभियानातून उचललेला आहे. २०१८मध्ये पुनर्रचना झालेल्या या अभियानात बांबूच्या प्रतिरोप २४० रुपये खर्च गृहीत धरून तीन वर्षांत त्याच्या निम्मे, म्हणजे १२० रुपये साहाय्याची तरतूद होती. ती शेतात बांबू लागवडीसाठी होती. बोन्सायशी तिचा संबंध नाही. बांबू आणि बोन्साय यांची गल्लत करून बेरोजगार तरुणांना रोपे आणि ‘प्रशिक्षण’ विकले जात असेल तर आधी कृषी कार्यालयात चौकशी करावी आणि मगच पैसे द्यावेत.

व्यवसाय म्हणून बोन्सायला वाव नाही असे नाही. पण त्याचे भांडवल पैशापेक्षा वर्षांमध्ये मोजावे लागते. विकण्याजोगे झाड घडायला पाच-सात वर्षे सहज जातात आणि तोवर प्रत्येक मे महिना पार करावा लागतो. त्यापेक्षा लवकर जमणारा मार्ग म्हणजे भरड माती, भांडी आणि पुढे बोन्साय करता येतील अशी तयार खोडे पुरवणे.

हा झाडाचा छळ नाही का? आणि रोप कुठूनही आणावे का?

छळाचा आक्षेप जुना आहे. धुऱ्यावरची बोर पाहावी. शेळ्या दरवर्षी तिचे शेंडे ओरबाडतात, जमीन मुरमाड, पाणी नाही; खोड म्हातारे आणि उंची गुडघाभर. निसर्ग हे काम रोज करतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे, १६२५पासून भांड्यात वाढवलेला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या अंगणात, स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर होता. तो वाचला. १९७६मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेलाच भेट दिला आणि त्याची ही कहाणी तिथल्या लोकांना कळली २००१मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला गेले तेव्हा. चार शतके पिढ्यान्‌पिढ्या रोज पाणी घातलेल्या झाडाला छळलेले म्हणणे कठीण आहे. छळ होतो तो शिकण्याआधी कापले जाते तेव्हा. बोन्साय हा वृक्षारोपणाला पर्याय मात्र नाही. ट्रेमधला वड कोणाला सावली देत नाही.

जंगलातून झाड उपटून आणण्याचे व्हिडीओ लोकप्रिय आहेत. जपानी भाषेत त्याला ‘यामादोरी’ म्हणतात. मेळघाटात असे करणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि वनकायद्यांखाली गुन्हा ठरू शकतो. महापालिका हद्दीतील सार्वजनिक झाडांना १९७५च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याचे कवच आहे. तशी गरजही नाही. आपल्याच घराच्या भिंतीत, गच्चीच्या पाइपाजवळ उगवलेला वड किंवा उंबर काढावाच लागतो. वर्षानुवर्षे फटीत अडकून त्याचे मूळ वळलेले, खोड जाडसर झालेले असते. भिंत वाचते आणि बोन्सायला हवे तसे खोड फुकट मिळते.

आता काय व्हायला हवे?

वऱ्हाडात ज्ञानाची कमतरता नाही, ते एकत्र आलेले नाही. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याचा डोळा भरणारे हात जगातल्या कोणत्याही बोन्साय माळ्याइतके सफाईदार आहेत. साल आणि लाकडामधला जिवंत थर कसा जुळवायचा हे त्यांना सांगावे लागत नाही. अकोल्यात १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे पुष्पशास्त्राचा विभाग आहे. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे उद्यानविद्या महाविद्यालय आहे. खारपाणावर, काळ्या मातीवर आणि उन्हाळ्यावर इथे वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. त्यातला बोन्सायला लागणारा भाग दहा मिनिटांच्या मराठी व्हिडीओंत मांडायला मोठा निधी लागत नाही. ‘जूनमध्ये वडाची कुंडी अशी बदला’, ‘खारे पाणी असे तपासा’, ‘मे महिन्यात भांडी इथे ठेवा’ अशा वर्षभराच्या बारा व्हिडीओंनी जितकी झाडे वाचतील, तितकी परदेशी चॅनेलच्या हजार भागांनी वाचणार नाहीत. विद्यापीठाच्या शिवार फेरीत किंवा कृषी प्रदर्शनात हौशी मंडळींसाठी एक कोपरा मिळाला, तर आपापल्या गच्चीवर एकेकटे शिकणारे लोक एकमेकांची झाडे तरी पाहतील.

तोपर्यंत शिकणाऱ्याने परदेशी माळ्याची नजर घ्यावी, महिना आपला ठेवावा. खोडाचा तोल, फांद्यांची मांडणी, रिकाम्या जागेचे सौंदर्य हे साता समुद्रापलीकडून शिकता येते. कधी कापायचे, कोणते पाणी घालायचे आणि झाड कुठे ठेवायचे हे मात्र शेजारच्या संत्रा बागायतदाराला आणि आपल्या गच्चीला विचारावे. या मृगात एकच वड घ्या. पुढच्या मृगात तो जिवंत असेल, तर दुसरे झाड आणायला हरकत नाही.